लाल औषधाचे दोन दिवस

मखमलाबादच्या शिवारात भाग्यश्रीचा जन्म झाला, आणि तिथल्या मळ्यानं तिला काही दिलं असेल तर ते हात दिले. आई कलाबाई झेंडू-शेवंती तोडायची, वडील कोंडाजी कोबी काढायचे. फूल ओढून काढलं तर देठ चिरतो आणि दुपारपर्यंत ते मान टाकतं, हे त्या घरातल्या पोरींना बाराखडीच्या आधी कळायचं. नख लावायचं नाही. बोटाच्या पेरात देठ घ्यायचा आणि तो आपणहून हातात येईल असा कलवायचा. असे हात घेऊन ती नर्सिंगला गेली. आज तिच्या नोकरीला एकोणीस वर्षं झाली. त्यातली बारा नाशकातल्या एका कर्करोग रुग्णालयात गेली, दुसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत, जिथं बारा खुर्च्या आहेत आणि प्रत्येक खुर्चीशेजारी सलाईनचा स्टँड उभा आहे.

माणसं डॉक्टरांची नावं पाठ करतात. एका टोचणीत शीर धरणाऱ्या बाईचं नाव कुणाला ठाऊक नसतं. तरी खेड्यापाड्यातून आलेले लोक खिडकीशी येऊन विचारतात, "ती फुलवाल्यांची सिस्टर हाय का आज?" असली तर त्यांचा चेहरा सैल पडतो.

सकाळी नऊला ती औषध करायला बसते. बसण्याआधीची तिची तयारी बघण्यासारखी असते. पाठीमागून बांधायचा जाड गाऊन, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, हातात मोज्यांच्या दोन जोड्या, एक बाहीच्या आत आणि एक बाहीच्या वरून. मग ती काचेच्या कपाटापुढं बसते. त्या कपाटातली हवा बाहेर माणसाच्या अंगावर येत नाही, आतल्या आत खेचली जाते. औषधाच्या बाटलीत भाग्यश्री हवा कोंबत नाही. हवा कोंबली तर सुई काढताना औषधाचा तुषार उडतो, आणि तो डोळ्याला दिसतही नाही. रोज थोडा, दहा-बारा वर्षं, असा तुषार ज्याच्या छातीत जातो त्याच्यासाठी औषध ते औषध राहत नाही.

या औषधांत एक लाल आहे. डाळिंबाच्या रसासारखं. डॉक्सोरुबिसिन असं त्याचं नाव, पण वॉर्डात सगळे त्याला लाल औषधच म्हणतात. शिरेत गेलं तर ते गाठीला विरघळवतं. शिरेतून बाहेर, मांसात झिरपलं, तर मांसच जाळतं. कातडी काळी पडते, जखम महिनोन् महिने भरत नाही. म्हणून ते स्टँडला टांगून कुणी दुसऱ्या कामाला जायचं नसतं. भाग्यश्री स्टुलावर बसून ते हातानं देते, चालू सलाईनच्या नळीतून, थेंबाथेंबानं. थोडं आत सोडलं की पिचकारी जरा मागं ओढून बघते. नळीत रक्त उमटलं तर सुई शिरेत आहे. मगच पुढं. त्या पंधरा मिनिटांत तिचा फोन ड्रॉवरमध्ये असतो.

"कलेक्टर आले तरी मी उठायची नाही," ती म्हणते.

"कलेक्टर कशाला येतील इथं?" नवी सिस्टर निकिता म्हणते.

"नाही येणार. म्हणून तर बोलायला सोपं जातं."

देण्याआधी दोघींनी मोठ्यानं वाचायचं, हा तिचा नेम. पेशंटचं नाव, नंबर, उंची, वजन, औषध, प्रमाण. निकिता वाचते, भाग्यश्री बघते. मग भाग्यश्री वाचते, निकिता बघते. एकदा निकिता कंटाळून म्हणाली, "ताई, फार्मसीत बघितलंच होतं की."

"तिथं कागद बघितला. इथं माणूस बघ."

निकितानं पुन्हा वाचलं. अशी भाग्यश्री.

एका वर्षीच्या थंडीत पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून झुंबरबाई आली. आधार कार्डावर साठ वर्षांची, अंगानं पन्नाशीची, वाळक्या सागासारखी ताठ. छातीत गाठ होती. आधी लाल औषधाची चार इंजेक्शनं, दर तीन आठवड्यांनी एक, मग दुसरं औषध, मग ऑपरेशन, असं डॉक्टरांनी ठरवलेलं. बरोबर मुलगा लखन आणि सून पल्लवी. पल्लवीला सहावा महिना. पोट पदराखाली झाकून ती भिंतीला टेकून उभी राहिली, आणि भाग्यश्रीनं पहिली खुर्ची सरकवली ती तिच्याकडं.

"हात दाखवा मावशी."

झुंबरबाईनं दोन्ही हात पुढं केले. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण. ठिपके, रेघा, झाडं.

"बघ, चांगला हाय का," ती म्हणाली. "पाड्यावरची निम्मी माणसं या हातानं जगात आणलीत मी. हा लखनसुद्धा. माझ्या हातानंच मी त्याला ओढला."

"स्वतःचं बाळंतपण स्वतः केलं?"

"मग काय, दुसरी सुईण कुठं होती? मीच तर होते."

लखन खाली बघून हसला. ही गोष्ट त्यानं हजार वेळा ऐकलेली असावी.

भाग्यश्रीनं मनगट सोडलं, कोपराची खळगी सोडली, कारण तिथं औषध झिरपलं तर नुकसान जास्त. तिनं मधला, मांसल भाग निवडला. पण तिथं गोंदण दाट. लाली आली तरी हिरव्या शाईखाली दिसणार नव्हती. मग ती डोळ्यांवर विसंबून राहिली नाही. बोटांची पेरं कातडीवर ठेवून सूज, गारवा, ताण बघत राहिली, आणि पेशंटला म्हणाली, "जरा जरी जळजळलं, चुरचुरलं, तरी लगेच सांगायचं."

"बाया ओरडतात त्यांना मीच गप करते. मी कशाला ओरडू?"

"ओरडू नका. नुसतं सांगा."

पंधरा मिनिटं झुंबरबाईनं छताकडं बघितलं. तिची नजर मधूनमधून खाली यायची आणि भाग्यश्रीच्या हातांवर, त्या निळ्या दुहेरी मोज्यांवर, जरा वेळ थांबायची. भाग्यश्रीला ते दिसलं. पण पिचकारी हातात असताना ती दुसऱ्या कशाचा विचार करत नाही, आणि त्या दिवशीही केला नाही.

औषध नीट गेलं. मग घरी काय करायचं ते तिनं लखनला आणि पल्लवीला समोर बसवून सांगितलं. लघवी एक दिवस लाल होईल, ते रक्त नाही, घाबरू नका. औषध लघवीतून, उलटीतून, घामातून बाहेर पडतं. दोन दिवस आईचे कपडे वेगळे धुवायचे, हातात मोजे घालून. संडासात दोनदा भरपूर पाणी ओतायचं. ताप आला तर वाट बघायची नाही, रात्र असो की दिवस, निघायचं. मग ती पल्लवीकडं वळली. पोटातल्या बाळाला हे औषध फार वाईट, म्हणून तिचा आवाज जरा कडक झाला.

"आणि तू, पोटुशी आहेस. तू या कशाला हात लावायचा नाही. तू लांब राहायचं."

पल्लवीनं मान डोलावली. डोळे मोठे झाले होते तिचे. तिघं करंजाळीच्या गाडीला गेली.

एकविसाव्या दिवशी झुंबरबाईची सात नंबरची खुर्ची रिकामी राहिली. बाविसाव्या दिवशीही. भाग्यश्रीनं फोन लावला.

"आई नाय म्हणते, सिस्टर," लखन म्हणाला. "बाळंतपण झाल्यावर बघू म्हणते."

"बाळंतपण कधी आहे?"

"तीन महिने अजून."

"लखन, तीन महिने गाठ थांबणार नाही. काय झालंय? ताप? उलट्या?"

"नाय. अंगानं चांगली हाय." थोडा वेळ फोनवर कोंबडी ओरडत राहिली. "ती म्हणते, जिला मला शिवायला दोन-दोन मोजे लागतात, तिच्या दारात मी जात नाय."

डॉक्टरांना तिनं सांगितलं. ते म्हणाले, चार-आठ दिवसांचा उशीर चालेल, तीन महिन्यांचा नाही. गाठ आत्ता औषधाला ऐकतेय; सोडून दिली तर पुढं ऐकेल याची खात्री नाही. गुरुवारी भाग्यश्रीची सुट्टी होती. सकाळच्या एसटीनं ती पेठ रस्त्याला लागली.

सावळ घाट चढला की हवा बदलते. खाली मळ्यांची हिरवाई मागं राहते आणि वर कापणी झालेल्या नागलीची, भाताची पिवळी खाचरं डोंगरांच्या कुशीत बसलेली दिसतात. करंजाळीला उतरून ती जीपनं पाड्याच्या फाट्यापर्यंत गेली आणि पुढं दीड मैल चालली. गावातला सगळ्यात पहिला माणूस तिला भेटला तो झुंबरबाईचा नवरा भिका, बैलाला पाणी दाखवत. त्यानं तिला ओळखलं नाही. तिनं नाव सांगितल्यावर तो म्हणाला, "बाहेर बसलीय बघा. ओट्यावर. आत नसतेच ती आता."

कुडाच्या भिंतीचं घर, शेणानं सारवलेला ओटा. ओट्याच्या टोकाला एक बाज, बाजेखाली एक ताट, एक तांब्या, एक गोधडी. झुंबरबाई तिथं बसली होती. डोक्यावरचा पदर घट्ट, पण कानाशी केसांच्या बटा सुटून पडलेल्या. औषधानं केस जायला लागले होते. दारात पल्लवी उभी होती आणि उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकत नव्हती. सासू आणि सून यांच्यामध्ये दहा हातांचं अंगण होतं.

"आलीस का," झुंबरबाई म्हणाली. "मोजे आणलेस?"

"नाही आणले."

"मग लांब बस. बाधेल."

भाग्यश्री बाजेवर, तिच्या शेजारी बसली. झुंबरबाईनं सरकून जागा दिली नाही आणि उठूनही गेली नाही.

"ही गोधडी इथं किती दिवस आहे?" भाग्यश्रीनं विचारलं.

"त्या दिवसापासून," दारातून पल्लवी म्हणाली. आवाज रडवेला होता. "तुम्हीच सांगितलं ना सिस्टर, तू लांब राहायचं म्हणून. मग मी राहिले. पाड्यावरच्या बाया म्हणाल्या, सावलीसुद्धा पडू देऊ नको. माझं बाळ हाय ना."

"आणि माझं कोण नाय," झुंबरबाई म्हणाली. "पाड्यात चार पोटुशा हायत. एकीलाही माझ्यापुढं धाडत नाय कुणी. लखनची बायको माझ्याकडून पाठीला तेल लावून घ्यायची रोज. आता कोण लावतं? कोणीच नाय. हात असून मी लुळी. अजून तीन इंजेक्शनं घेऊ, आणि नातवाला दुरून बघू? नको मला. तो जन्मू दे, त्याला न्हाऊ घालते, मग मला काय करायचं ते करा."

भाग्यश्रीला तेव्हा आपली चूक दिसली. औषध करताना जी बाई एक थेंब इकडचा तिकडं होऊ देत नाही, तिच्या बोलण्यातून दोन शब्द गळाले होते. कपड्यांना तिनं दोन दिवस सांगितले, संडासाला दोन दिवस सांगितले, आणि पल्लवीला नुसतं लांब राहा म्हटलं. किती दिवस ते म्हटलंच नाही. या डोंगरात आणि खालच्या मळ्यातही, सुतक असो की सोयर, त्याचे दिवस असतात. ठरलेल्या दिवशी अंघोळ होते, कपडे धुतले जातात, आणि माणूस मोकळं होतं. बांधलेलं सोडायचा दिवस ठाऊक असतो म्हणून ते बांधून घेता येतं. तिनं या घराला बांधून ठेवलं होतं आणि सोडायचा दिवस दिलाच नव्हता.

"माझं चुकलं, मावशी," ती म्हणाली.

झुंबरबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. दवाखान्यातली माणसं असं म्हणत नसतात.

लखन तेवढ्यात आला. तो दिंडोरीकडं द्राक्षबागेत कामाला जायचा, दोन दिवसांसाठी घरी आलेला. भाग्यश्रीनं त्याला समोर बसवलं.

"बागेत फवारणी कोण करतं?"

"मीच."

"फवारणी झाल्यावर बागेत लगेच जाऊ देतात का बायांना?"

"नाय. डब्यावर लिहिलेलं असतं. दोन दिवस, तीन दिवस. औषध असेल तसं."

"आणि नंतर?"

"नंतर काय, बाया जातात. घडांची विरळणी करतात, डबा खातात बागेतच."

"म्हणजे बाग कायमची वाईट झाली नाही?"

"बाग कशाला वाईट होईल?" असं म्हणून लखन थांबला आणि आईकडं बघायला लागला.

"औषध कालवताना तू मोजे घालतोस?"

"मालक देतो. मी... कधी कधी."

"कधी कधी नाही, रोज घालायचे. आणि घालतोस ते बागेची किळस येते म्हणून?"

लखननं मान हलवून नाही म्हटलं. झुंबरबाई बोलली. "म्हणजे मी बाग."

"हो."

"मग द्राक्षं कुठं हायत?"

पल्लवी दारात हसली, आणि हसू दाबायला पदर तोंडाला लावला.

"माझ्या हातून रोज वीस जणांचं औषध जातं, मावशी," भाग्यश्री म्हणाली. "तुम्हाला ते तीन आठवड्यांतून एकदा मिळतं, गाठीसाठी. मला गाठ नाही. मला ते रोज लागलं तर नुसतं विष. मोजे तुमच्यामुळं नाहीत, बाटलीमुळं आहेत. तुम्ही बाळंतपण करताना हात धुता, ते बाळंतिणीची शिसारी येते म्हणून?"

"मी ब्लेडसुद्धा उकळून घेते," झुंबरबाई फणकारली. "आणि आता तर सगळ्यांना मीच दवाखान्यात धाडते. पल्लवीलाही तिथंच न्यायचं ठरलंय. मला अडाणी समजू नको."

"नाही समजत. म्हणून दिवस सांगते, मोजा. इंजेक्शन संपल्यापासून दोन दिवस पूर्ण. त्या दोन दिवसांत तुमचे कपडे, उलटी, लघवी लखन बघेल, मोजे घालून. पल्लवी नाही. तिसऱ्या दिवशी अंघोळ करायची, गोधडी-कपडे धुऊन टाकायचे, आणि सुटलात. मग स्वयंपाक करा, तेल लावा, कुणाच्याही शेजारी झोपा. एकवीस दिवसांतले एकोणीस दिवस तुम्ही मोकळ्या."

"हा विटाळ नाय म्हणतेस?"

"विटाळ नाही. औषध बाहेर पडायला लागतो तेवढा वेळ. पण मोजायचा तसाच."

झुंबरबाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला. केस चिपाडासारखे झाले होते, गुंता झालेला. त्या तीन आठवड्यांत त्यांना कुणी हात लावलेला नव्हता. भाग्यश्रीनं पल्लवीकडं फणी मागितली. पल्लवी उंबऱ्यापाशी घुटमळली. तिनं नवऱ्याकडं बघितलं, पोटावर हात ठेवला, आणि दहा हातांचं ते अंगण ओलांडून फणी स्वतः आणून दिली. द्यायला आली ती परत गेली नाही, बाजेच्या पायाशी टेकली.

भाग्यश्रीनं उघड्या हातांनी केस विंचरले. फणीत पुंजके येत होते. झुंबरबाईनं एक पुंजका हातात घेऊन निरखला.

"हे परत येतील?"

"येतील. औषध थांबल्यावर."

"काळे येतील का पांढरे?"

"ते मला नाही सांगता येत."

"काळे येऊ दे," झुंबरबाई म्हणाली, जणू ते भाग्यश्रीच्याच हातात होतं.

पुढच्या मंगळवारी ती आली. आठ दिवस उशीर झाला होता, पण रक्ताचा रिपोर्ट ठीक होता. निकितानं वाचलं, भाग्यश्रीनं बघितलं. भाग्यश्रीनं वाचलं, निकितानं बघितलं. या वेळी दुसरी शीर घेतली, गोंदलेल्या झाडाच्या बुंध्याशी. निम्मं औषध गेलं असेल, तेव्हा झुंबरबाई छताकडं बघता बघता म्हणाली, "चुरचुरतंय."

भाग्यश्रीचा हात तिथल्या तिथं थांबला. तिनं मागं ओढून बघितलं. रक्त आलं, पण फिकं, रेंगाळत. सूज नव्हती. दुसरीनं कदाचित पुढं ढकललं असतं. भाग्यश्रीनं ढकललं नाही. तिनं त्या नळीतलं औषध परत ओढून घेतलं, डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हात दाबून बघितला, सुईच्या भोवतालची कातडी तपासली. बाहेर काही झिरपलेलं नव्हतं. सुई शिरेच्या भिंतीला टेकायला लागली होती. ती काढून त्यांनी वर दुसऱ्या शिरेत नवी बसवायला सांगितली, आणि जुन्या जागेवर बर्फाची पिशवी ठेवून दुसऱ्या दिवसापासून त्या जागेचा रोज एक फोटो मोबाईलवर पाठवायला सांगितला. उरलेलं औषध एकाच्या सुमारास संपलं.

"बरं झालं सांगितलंत," भाग्यश्री म्हणाली.

"तू म्हणालीस ना, सांगा म्हणून," झुंबरबाई म्हणाली. "तिकडं तू चुकले म्हणालीस. मग इथं मी गप कशाला बसू?"

निघताना तिनं वेळ विचारली. एक वाजून वीस मिनिटं झाली होती. लखननं ती मोबाईलमध्ये लिहून घेतली. भाग्यश्रीनंही आपल्या वहीत लिहिली. त्या दिवसापासून ती प्रत्येक घराला आधी सुटायचा दिवस आणि वेळ सांगते, मग काय काय पाळायचं ते. निकिताही आता तसंच सांगते.

गुरुवारी भाग्यश्रीची सुट्टी. घरी दुपारचं जेवण आवरत होती, तेव्हा लखनच्या नंबरवरून फोन आला. पण आवाज झुंबरबाईचा होता.

"झाले का गं दोन दिवस?"

भाग्यश्रीनं घड्याळ बघितलं. अडीच वाजले होते.

"झाले, मावशी. अंघोळ करा आता."

"ती केव्हाच केली. पाणी सकाळपासून तापत ठेवलं होतं, एक वाजून वीस मिनिटांनी ओतायचं म्हणून बसले होते सगळे. गोधडी वाळत घातलीय लखननं. मोजे घालून धुतली, बरं का. पाड्यावरचे लोक बघायला आले होते."

"हात कसा आहे? जिथं सुई होती?"

"चांगला हाय. फोटो पाठवलाय त्यानं, बघ." मागून पल्लवी काहीतरी म्हणाली, आणि झुंबरबाई तिच्यावर ओरडली, "येते गं, पालथी पडू नकोस, कुशीवर हो. किती वेळा सांगू." मग फोनमध्ये म्हणाली, "ठेवते. हात तेलाचे झालेत, फोन निसटतोय."